उजव्या बाजूचा परदेश

ज्यांनी पिरॅमिड पाहिले त्यांनीच पिरॅमिडांवर लिहावं, हे मला मान्य आहे. मी पिरॅमिड पाहिलेले नाहीत. माझ्या साडूने पाहिले आहेत. दिवाळीनंतर एका सहलीत त्याने इजिप्त, जॉर्डन आणि ग्रीस उरकले, आणि तेव्हापासून आमच्या सासुरवाडीत प्राचीन जगावर बोलण्याचा अधिकार त्याच्याकडे गेला. त्याआधी तो माझ्याकडे होता. कोणी वापरू देत नव्हतं, पण होता माझ्याकडे.

साडूचं नाव मधुकर. आंबेगाव तालुक्यातल्या पारगावचा. मंडप डेकोरेशनचा त्याचा मोठा धंदा आहे. कापड, फायबर आणि बांबू यांचे त्याने आजवर जेवढे ताजमहाल संध्याकाळी उभे केले आणि सकाळी उतरवले, तेवढे दुसऱ्या कोणाच्या नावावर नसतील. मी नाशिकला राहतो. नोकरीत असताना कॉलेजात इतिहास शिकवला, निवृत्त झाल्यापासून न विचारता शिकवतो.

जानेवारीत मेहुण्याचा, आनंदचा, फोन आला. आमची सासुरवाडी जुन्नर तालुक्यातलं येडगाव. सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासूनचं ते बौद्ध घर. वस्तीचं विहार म्हणजे इतकी वर्षं पत्र्याची एक खोली होती. आता नवं बांधकाम स्लॅबपर्यंत आलं होतं आणि फक्त दर्शनी भाग राहिला होता. तो कसा करायचा, हे रविवारच्या बैठकीत ठरणार होतं.

"दोन्ही दाजी या," आनंद म्हणाला. "तुमी लेण्यांचं सांगा, धाकटे दाजी परदेशाचं सांगतील."

त्या लेण्यांचं मी येडगावात वीस वर्षं सांगत आलो आहे. जुन्नरच्या चारी बाजूंच्या डोंगरांत कोरीव लेणी आहेत, इतकी की नुसती पाहायला निघालं तरी आठवडा जाईल. तुमच्या विहाराला तिथल्या चैत्याची पिंपळपानासारखी कमान करा, एवढंच माझं मागणं. मी फोटो आणले, कागदावर काढून दाखवलं. वस्तीने दरवेळी मला चहा दिला आणि म्हटलं, "बगू की, दाजी." या वेळी काहीही झालं तरी ती कमान मंजूर करून घ्यायची, असं ठरवून मी शुक्रवारी सुमनला घेऊन नाशिकहून एसटीत बसलो.

आळेफाटा

आळेफाट्याला उतरलं की आधी डिझेल, मग तळलेल्या मिरच्या आणि मग चहा असा क्रमाने वास येतो. गॅरेजांच्या रांगेसमोर आनंद गाडी घेऊन उभा होता. तो बॅगा ठेवत असताना सुमन म्हणाली, "अहो, तुमचा फोटो लागलाय."

चौकात एक मजल्याएवढा फ्लेक्स होता. इजिप्त, जॉर्डन व ग्रीस येथील यशस्वी विदेश अभ्यास दौरा पूर्ण करून मायदेशी परतल्याबद्दल मधुकरशेठ यांचे हार्दिक अभिनंदन. मधोमध साडू, पुरुषभर उंच, काळा चष्मा, गळ्यात तिकडचा चौकड्यांचा रुमाल. डाव्या बाजूला पिरॅमिड आणि उंट. उजव्या बाजूला डोंगरात कोरलेली भव्य वास्तू. खाली शुभेच्छुकांची पट्टी, त्यात लाडूएवढ्या गोलांत माणसं. शेवटच्या गोलात मी होतो. फोटो मतदार ओळखपत्रावरचा असावा, कारण मी अटक झाल्यासारखा दिसत होतो. खाली लिहिलं होतं: साडू.

मी कोणाला शुभेच्छा दिल्या नव्हत्या. पण आपल्याकडे शुभेच्छुकाला विचारण्याची पद्धत नाही.

फ्लेक्स पाहताना माणूस आधी स्वतःला शोधतो, मग शत्रूला, आणि वेळ उरला तर पाठीमागे काय आहे ते पाहतो. मी त्याच क्रमाने गेलो. उजव्या बाजूला पोहोचलो आणि थांबलो.

जॉर्डनला डोंगरात कोरलेली देवळं आहेत, पण ही वास्तू तिथली नव्हती. पिंपळपानासारखी कमान, तिच्या पोटात अर्धं उमललेलं कमळ, कमळाच्या पाकळ्यांत लक्ष्मी आणि हत्ती. हे मानमोडीच्या डोंगरातलं भूतलेणं होतं. जुन्नरच्या दारात, येडगावहून गाडीने चहा निवण्याआधी पोहोचाल इतक्यावर. साडूने फ्लेक्सवाल्याला सांगितलं असणार, डोंगरात कोरलेलं देऊळ टाक. फ्लेक्सवाल्याने मोबाइलवर तेच शोधलं असणार, आणि मोबाइलने बिचाऱ्याने सगळ्यात जवळचं काढून दिलं.

"काय बगताय, दाजी?" आनंदने विचारलं. "भारी झालाय ना? आठ दिस झालं लागून. लोक फोटो काढत्यात."

"भारी झालाय," मी म्हणालो. एवढा आनंद मला निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

जेवायला मासवडी होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो: नावात मासा असला तरी हिच्यात तो नाही. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून गुंडाळी करतात, कापून तिखट रश्श्यात बुडवतात. नाशिकमध्येही करतात, पण नाशिकची मासवडी रश्श्याला घाबरून राहते. त्या दिवशी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. सुमनने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

येडगाव

संध्याकाळी धरणाच्या पाण्यावर ऊन उतरत होतं आणि आनंदच्या अंगणात खुर्च्या मांडल्या जात होत्या. मधुकर पारगावहून आला तो सगळ्यांना अत्तराच्या चिमुकल्या बाटल्या वाटतच. "कमळाचं हाय. कैरोचं. राण्या लावायच्या." माझ्या हातात बाटली देऊन त्याने माझ्या पाया पडायचा नेहमीचा प्रयत्न केला. मी नेहमीप्रमाणे त्याला अर्ध्यावर उचललं. माणूस वाईट नाही, हीच त्याच्यातली अडचण आहे.

मग पिरॅमिड सुरू झाले. वस्तीतली वीस-पंचवीस माणसं ऐकत बसली. मी कधी एकाच बैठकीत एवढे डोळे उघडे पाहिले नव्हते.

"आत जायला वाकून जायचं. लई अरुंद. पुढं एक जर्मन बाई, मागं मी. मधीच बाई थांबली. म्या म्हणलं, अगं चल की, राजा मेलाय, आपण कशाला मरायचं?"

अंगण हसलं.

"आन उंटावर बसायचं सांगत्यात, पण उतरायचं कुणी सांगत न्हाई. चढवायला एक माणूस, उतरवायला दुसरा, दोघांचं आपसात साटंलोटं. अगदी आपल्याकडच्यासारखं व्हतं. मला घरी आल्यासारखं वाटलं."

पुन्हा हसणं. मी त्या दगडांचं वय सांगणार होतो, पण तेवढ्यात भजी आली.

जेवणाच्या वेळी आनंदने मला बाजूला घेतलं. "दाजी, रागावू नका. तुमची कमान चांगली हाय. पण ठेकेदारानं ग्रीक खांबांचं चित्र आणलं व्हतं, ते लोकांना पटत न्हाई. लोकांना ते पायजे, फ्लेक्सवरचं. उजव्या बाजूचं परदेशी देऊळ. त्याच्या तोंडासारखं तोंड करायचं चाललंय."

मी घास गिळला. वीस वर्षं मी जी कमान मागत होतो तीच वस्तीला हवी होती. फक्त ती परदेशातली म्हणून हवी होती, आणि मधुकरने आणली म्हणून हवी होती.

रात्री मी सुमनला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. बाहेर पंप चालू होता.

"मग गप्प बसा," ती म्हणाली. "तुम्हाला जे हवं तेच होतंय."

"त्याच्या नावानं होतंय."

"कमान हवी आहे का नाव?"

मी पाठ वळवून झोपलो. या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, पण ते शिकलेल्या माणसाला शोभणारं नव्हतं.

तुळजा लेणी

माझा बेत असा: शनिवारी साडूला तुळजा लेणी दाखवायची, रविवारी सकाळी मानमोडीला न्यायचं, त्या कमानीसमोर उभं करायचं आणि त्याचा चेहरा पाहायचा. दुपारी बैठकीत मी उठायचं आणि वस्तीला सांगायचं की हा परदेश कोणता आहे. माझं भाषण तयार होतं. त्यात दोन ठिकाणी थांबायचं होतं, हशा ओसरेपर्यंत.

तुळजा लेणी शिवनेरीच्या पलीकडे, पाडळीच्या बाजूला. पायऱ्या आहेत, पण त्यांना कोणाची घाई नाही. इथलं एक चैत्यगृह गोल आहे. मधे स्तूप, त्याच्याभोवती खांबांचं कडं आणि वर कोरलेला घुमट. असं गोल चैत्यगृह सहसा पाहायला मिळत नाही. पुढची भिंत कधीच पडली आहे, त्यामुळे उजेड थेट स्तूपावर येतो. आमच्या नाशिकच्या लेण्यांत माणसं सेल्फीसाठी रांग लावतात. इथे आम्ही दोघं आणि एक घोरपड होतो.

मी समजावायला सुरुवात केली. दगड वरून खाली कसा फोडत आणतात, एक खांब चुकला तर बदलून दुसरा आणता येत नाही, आधी छत तयार होतं आणि जमीन शेवटी. मधुकर मान हलवत होता. पण त्याची नजर घुमटावर होती.

"भाऊ, जरा थांबता का?" तो म्हणाला.

चपला काढून तो आत गेला, हात जोडले आणि त्रिशरण म्हणू लागला. मोठ्याने नाही, घरात म्हणतात तसं. पहिल्याच ओळीला घुमटाने आवाज घेतला आणि सावकाश परत दिला. दुसऱ्या ओळीला पहिली अजून वर फिरत होती. तिसऱ्यापर्यंत तो एकटा उरला नव्हता, दहा-बारा जण म्हणत असावेत असं वाटत होतं. घोरपडही थांबली.

त्या घुमटाखाली मी किती वेळा उभा राहिलो असेन. प्रत्येक वेळी कोणाला तरी काहीतरी समजावत होतो. गप्प बसून त्याला काही म्हणू द्यावं, हे मला कधी सुचलं नाही. आणि त्या दगडाने, दोन हजार वर्षं कोणाला न ओळखता, ज्याला ओळख दिली तो मंडपवाला होता. मला घुमटाचाही राग आला.

बाहेर आल्यावर मधुकरने डोळे पुसले. "पिरॅमिडात असं काय झालं न्हाई," तो म्हणाला.

हे वाक्य मला त्याच्या तोंडून हवं होतं. ते ऐकण्यासाठी मी एवढी तयारी केली होती. पण ते असं, हिसकावून न घेता, फुकट मिळालं, तेव्हा मला त्याचं काय करावं ते कळेना.

मानमोडी

रविवारी सकाळी निघताना सुमनने मला थांबवलं. कॉलरला, कानामागे कैरोचं कमळ लावलं. "त्यानं एवढ्या लांबून आणलंय. लावलं तर काय बिघडतं?" काय बिघडतं ते तेव्हा आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मानमोडीच्या पायथ्याशी कांद्याची शेतं आहेत. तिथून वाळलेल्या गवतातून वाट चढते. वाट म्हणजे कोणीतरी आधी गेला होता एवढाच पुरावा. मध्यावर एक मेंढपाळ भेटला, बबन नावाचा. खांद्यावर घोंगडी, खाली उतारावर मेंढ्या. त्याने आम्हाला येताना पाहिलं नव्हतं, पण हुंगलं होतं.

"कुणी अत्तर लावलंय का, पावणं?"

मी कबूल केलं.

"हितं लगीन न्हाई राव. वर आग्या मोहळं हायेत. बोलू नका, हात हलवू नका. आन लवकर खाली या."

मी मधुकरकडे पाहिलं. "तुम्ही नाही लावलं?"

"म्या कशाला लावू? म्या वाटायला आणलंय."

भूतलेण्यासमोर आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य आमच्या पाठीशी होता आणि कमान पूर्ण उजळली होती. पाकळ्यांच्या कडा काल कोरल्यासारख्या. मी बाजूला सरलो आणि साडूचा चेहरा पाहू लागलो.

त्याने वर पाहिलं. मग कपाळाला आठ्या घातल्या. मग खिशातून फोन काढून फ्लेक्सचा फोटो उघडला, तो मोठा केला, एकदा फोनकडे आणि एकदा डोंगराकडे असं बराच वेळ केलं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "म्या उभा हाय ते हेच का?"

"हेच."

"मला कळलं कसं न्हाई?"

"तुम्ही स्वतःचा फोटो पाहत होता."

"ते बी खरंय," तो म्हणाला आणि हसायला लागला. मोहोळांमुळे आवाज काढता येईना, म्हणून तो तोंडावर रुमाल धरून हसला, पोट धरून हसला, शेवटी खाली दगडावर बसला. मी त्या चेहऱ्यावर शरम शोधत होतो. थोडी तरी असायला हवी होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या माणसाला शरमिंदा करता येत नाही.

"तुमी शुक्रवारीच वळखलं असंल," तो म्हणाला.

"हो."

"आन आज हितं आणलं. वा, भाऊ. लई धीर तुमच्यात."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्याकडे अजून एक गोष्ट होती, आणि ती मी पोटात ठेवू शकलो नाही. मी त्याला कमानीतला लेख दाखवला. त्या ब्राह्मी अक्षरांत लिहिलंय की हा दर्शनी भाग एका यवनाचं दान आहे. यवन म्हणजे ग्रीसच्या बाजूचा परका माणूस. तेव्हा नाणेघाटातून व्यापार चाले, जुन्नर ही मोठी पेठ होती.

मधुकर उठून उभा राहिला. "मंजी फ्लेक्सवाला चुकला न्हाई म्हणा की. परदेशी माणसाचंच हाय."

"दान त्याचं. कोरलं इथल्यांनी."

"तेच ते. मंडप म्या घालतो, नाव पार्टीचं आसतं." मग तो आत डोकावला. आतला भाग ओबडधोबड आहे. दगडात पाणी लागलं असावं, काम अर्ध्यावर सोडलेलं, स्तूपसुद्धा नीट घडवलेला नाही. "आतलं कुणाचं दान?"

"त्याचं नाव नाही."

"बगा," मधुकर म्हणाला. त्याच्या धंद्यातल्या माणसाला पुढे बोलायची गरज नव्हती.

मग त्याने मला फोन दिला. "एक खरा फोटो काढा. ह्या खेपेला आपण बी खरं, देऊळ बी खरं." तो चष्मा लावून, रुमाल नीट करून कमानीखाली उभा राहिला. नेम धरायला मी हात वर केला आणि ओठावर निखारा ठेवल्यासारखं झालं.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. मधुकरने मला ढकललं, आम्ही घसरत खाली आलो, कोणीतरी ओरडलं "बसा, बसा", आणि अंधार झाला. तो अंधार बबनच्या घोंगडीचा होता. आम्ही दोघं साडू तिच्याखाली गुडघ्याला गुडघा लावून बसलो. आत मेंढीचा, घामाचा आणि राण्यांच्या कमळाचा वास होता. बाहेर गुणगुण हळूहळू विरत गेली.

"लई वास मारताय, भाऊ," मधुकर अंधारात म्हणाला.

मला बोलता आलं नाही. वरचा ओठ माझा राहिला नव्हता.

बबनने कांदा फोडून चोळला. "एकच चावली, नशीब. बाकीच्या येत व्हत्या," असं म्हणत त्याने दोघांकडे पाहिलं. "परत आलात तर नुस्ता साबण लावून या."

पुन्हा येडगाव

आनंदच्या अंगणातल्या बैठकीला मी बसलो तो वांग्याएवढा ओठ घेऊन. त्रिशरण-पंचशील झालं, ठेकेदाराचं ग्रीक खांबांचं चित्र फिरलं. मग समोरच्या रांगेतल्या शांतामावशी बोलल्या. त्यांच्या शब्दापुढे वस्ती सहसा जात नाही. "खांब बिंब काय नको. ते फ्लेक्सवरलंच करा. भायेरच्या देशातलं हाय, चार लोक बगायला येतील."

माना हलल्या. माझ्या खिशात भाषण होतं, दोन थांब्यांसकट. मी उभा राहिलो. ओठ हलवून पाहिला. जो आवाज निघाला तो भाषणाच्या उपयोगाचा नव्हता. लहान मुलं हसली.

मधुकर माझ्याकडे पाहत होता. त्याने भुवया उंचावल्या: सांगू का? मी नाही म्हणालो असतो तरी चाललं असतं. वस्ती हवी तीच कमान बांधायला निघाली होती. मी गप्प राहिलो असतो तर कमान झाली असती आणि जन्मभर परदेशी राहिली असती.

मी होकाराची मान हलवली आणि खाली बसलो.

"मंडळी," मधुकर उठला, "चूक फ्लेक्सवाल्याची हाय, पण तोंड माझं हाय, म्हणून म्या सांगतो. ते देऊळ परदेशातलं न्हाई. मानमोडीचं हाय. आत्ताच जाऊन आलो. मोठ्या दाजींचा ओठ हा त्याचा पुरावा."

हसणं झालं. शांतामावशींनी कपाळाला आठ्या घातल्या. "मंजी आपलंच? मंग त्यात येवढं काय?"

मागून कोणीतरी म्हणालं, खांबच बरे मग. ठेकेदाराने चित्र पुन्हा उलगडलं. माझी वीस वर्षं त्या कागदाच्या घड्यांबरोबर सरळ होताना मी पाहिली.

"सांगतो काय ते," मधुकर म्हणाला. मांडवात आवाज लागतो की नाही हे पाहणाऱ्या माणसाचा गळा त्याला आहे. "दोन हजार वर्सांमागं ग्रीसकडचा एक माणूस गलबतात बसून आला. घाट चढून जुन्नरला आला. त्याच्या देशात काय कमी देवळं व्हती? म्या बगून आलोय, लई हायेत. पण त्यानं हितलं काम बगितलं आन म्हणला, ह्याचं तोंड माझ्याकडून. नाव कोरलंय त्याचं तिथं. म्या त्याच्या देशात जाऊन आलो. माझं नाव तिथं फक्त लॉजच्या वहीत हाय, ते बी चुकीचं लिवलंय."

अंगण हसलं. शांतामावशीसुद्धा.

"तो लांबून आला आन त्याला आपलं आवडलं. आपण लांब गेलो आन आपल्याला त्याचं आवडलं. आता कुणाचं करायचं ते तुमी ठरवा. आन एक ऱ्हायलं. हे मला काय म्हाईत नव्हतं. मोठे दाजी वीस वर्सं सांगत्यात. म्या आज ऐकलं."

टाळ्या पडल्या, बऱ्याच वेळ. त्यांतल्या माझ्यासाठी किती हे मला ओळखता आलं. कमान ज्याची त्याला देऊन टाकणाऱ्या माणसाच्या मोठेपणाला त्या टाळ्या होत्या. मानमोडीची कमान सर्वानुमते मंजूर झाली. मधुकरला शाल मिळाली. मला गुलाबाचं फूल मिळालं आणि बर्फ.

त्याने ती कमान चोरली असती तर त्याच्यावर जळणं मला आयुष्यभर पुरलं असतं. नाशिकला परतताना एसटीत मी हेच सुमनला कसंबसं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मग आता कशावर जळणार?"

ते मी शोधून काढलं. मी त्या यवनावर जळतो. पूर्ण लेणं द्यायचं सोडून त्याने फक्त तोंड दिलं. आत काम रखडलं, पाणी गळलं, त्याला काही नाही. कमानीत त्याचं नाव अजून आहे. दर्शनी भाग देणाऱ्याचं नाव राहतं, हे त्याला कोणाला शिकवावं लागलं नसावं. मधुकरलाही शिकवावं लागलं नाही.

गेल्या आठवड्यात आनंदने फोटो पाठवला. विहाराच्या कमानीला सळया बांधून झाल्या आहेत, पाकळ्यांचे साचे तयार आहेत. आळेफाट्याला नवा फ्लेक्स लागला आहे: आपलं मानमोडी, आपलं विहार. मधोमध मधुकर, काळा चष्मा, रुमाल, मागे खरी कमान. फोटो मी काढलेला आहे, ओठावर माशी बसायच्या आधीच्या क्षणी. खरं तर त्यात मीही आलो होतो. सूर्य पाठीशी असल्यामुळे माझी सावली लांब होऊन साडूच्या बुटांपर्यंत गेली होती, हात वर केलेली.

ती फ्लेक्सवाल्याला खटकली. ती झाकायला त्याने नेमकी तिथेच शुभेच्छुकांची पट्टी घेतली आहे. शेवटच्या गोलात मी आहे. फोटो ओळखपत्रावरचाच.